उंबरठ्यावर उभी राहिलेली माणसे

सन १९०० चा मार्च महिना. दक्षिण गोलार्धात तो शरद ऋतूचा आरंभ. सिडनी बंदराला लागून असलेल्या मिलर्स पॉइंट आणि द रॉक्स या जुन्या वस्त्यांतून एक सरकारी छायाचित्रकार आपला जड कॅमेरा घेऊन दारोदार फिरू लागला. जॉन डेगोटार्डी हे त्याचे नाव. त्याच नावाचे त्याचे वडील मध्य युरोपातून सिडनीस येऊन स्थायिक झालेले मुद्रक होते; मुलगा सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस होता. माणसांची छायाचित्रे घेण्याचे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. भिंतीची ओल, तुंबलेली मोरी, कललेले छप्पर, परसातील संडास, एवढेच त्याने टिपावयाचे होते. परंतु दारासमोर कॅमेरा मांडला गेला की घरातील माणसे बाहेर येत. कमरेला एप्रन बांधलेली बाई चौकटीला टेकून उभी राही. पोरे पायरीवर जमत. कोणी मूल नेमके त्याच क्षणी हले आणि काचेच्या प्लेटवर धुक्यासारखे उमटे. घराच्या पडझडीचा पुरावा म्हणून घेतलेल्या चित्रात अशा रीतीने घरातील माणसे येऊन उभी राहिली.

या छायाचित्रांचे सहा खंड सिडनीच्या राज्य ग्रंथालयात जतन केलेले आहेत. साथीच्या काळात केलेल्या सफाईची दृश्ये, अशा अर्थाचे रुक्ष सरकारी शीर्षक त्यांना दिलेले आहे. प्रत्येक चित्राखाली रस्त्याचे नाव आहे, बहुतेक ठिकाणी घराचा क्रमांक आहे. दारात उभ्या असलेल्या व्यक्तीचे नाव मात्र सहसा आढळत नाही.

ज्या साथीमुळे ही छायाचित्रे घेतली गेली, ती साथ महाराष्ट्राला अपरिचित नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागातील रुग्ण तपासून डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्यांनी ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजेच प्लेगचे, निदान केले. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची पेठ. अनेक कच्छी आणि गुजराती जैन घराण्यांच्या पेढ्या त्याच गल्ल्यांतून चालत. धान्य तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे पिसू, ही साखळी त्या वेळी कोणालाच नीट उलगडलेली नव्हती. हाँगकाँगहून मुंबईस आलेला हा रोग व्यापारी जहाजांच्या मार्गाने पुढेही पसरत राहिला. डिसेंबर १८९९ मध्ये तो प्रशांत महासागरातील नूमेआ बंदरात पोहोचला आणि १९ जानेवारी १९०० रोजी सिडनीत पहिला रुग्ण आढळला. तो मिलर्स पॉइंटमध्ये राहणारा, धक्क्यावरून माल वाहून नेणारा गाडीवान होता. या साथीचा पहिला बळी पाले आणि ताडपत्र्या विकणारा एक दुकानदार होता. त्याच्या जागेत मेलेले उंदीर सापडले होते. रोगाने ज्यांना प्रथम गाठले ते दोघेही मालाच्या वाटेवरचे होते, ही गोष्ट व्यापारी वाचकाच्या ध्यानात लगेच येईल.

मालाची ही वाट त्या वस्तीला नवी नव्हती. किंबहुना वस्ती उभी राहिली तीच तिच्यामुळे. गडिगल या मूळ रहिवाशांच्या त्या खडकाळ भूमीवर १७८८ पासून इंग्रजांची वसाहत झाली. कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीतील रॉबर्ट कॅम्बेल हा तरुण भागीदार १७९८ मध्ये तेथे आला. त्याने लवकरच पश्चिम काठावर आपला धक्का आणि वखार उभारली, आणि बंगालमधून येणारा माल तेथे उतरू लागला. पुढे बांधलेल्या कॅम्बेलच्या दगडी वखारी आजही पाण्याच्या काठी उभ्या आहेत. अशा धक्क्यांच्या पाठीमागे, चढणीवरच्या अरुंद गल्ल्यांतून, खलाशी, हमाल, गाडीवान, सुतार, शिंपिणी, धोबिणी, खानावळवाल्या आणि छोटे दुकानदार यांची घरे एकमेकांना खेटून उभी राहिली. ऑस्ट्रेलियात ‘सबर्ब’ हा शब्द शहराबाहेरच्या वस्तीपुरता मर्यादित नाही. शहराच्या पोटातील वस्तीलाही तेथे हेच नाव आहे. मिलर्स पॉइंट हे असेच शहराच्या कुशीतले उपनगर. टेकडीवर वेधशाळा आहे. १८५८ पासून तिच्या मनोऱ्यावरील गोळा दुपारी एक वाजता खाली पडे आणि बंदरातील जहाजे त्यावरून आपली घड्याळे लावून घेत.

मार्चच्या अखेरीस सरकारने एकेक विभाग दोऱ्या लावून बंद केला. आतील माणसाला बाहेर जाता येईना, बाहेरच्याला आत येता येईना. सफाईचे काम वास्तुशास्त्रज्ञ आणि अभियंता असलेल्या जॉर्ज मॅक्रेडी यांच्याकडे सोपविण्यात आले. २३ मार्च ते १७ जुलै १९०० पर्यंत ते चालले. कामावर जाता येत नसल्यामुळे ज्यांची रोजी बुडाली, त्याच रहिवाशांपैकी अनेकांना मजुरी देऊन सफाईस लावण्यात आले. त्यांनी भिंतींना चुना लावला, मोऱ्या धुतल्या, परसातील कचरा गाड्यांत भरला आणि काही ठिकाणी शेजाऱ्यांची छपरेही उतरविली. हातात खराटे आणि बादल्या घेऊन, डोक्यावर टोप्या घालून रांगेत उभे असलेले हे पुरुष काही छायाचित्रांत दिसतात.

पुण्यात १८९७ मध्ये रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या शिपायांनी घरांत शिरून केलेल्या तपासण्या ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहेत, त्याला सिडनीची ही कथा वाचताना एक भेद जाणवल्यावाचून राहणार नाही. तेथे देवघरापर्यंत बूट गेले, असा प्रसंग नव्हता. राज्यकर्ते आणि प्रजा यांची भाषा एकच होती. परंतु गरिबाच्या घराविषयीचा संशय दोन्हीकडे सारखाच होता. सिडनीत त्यातही अधिक संशय घेतला गेला तो चिनी रहिवाशांचा. त्यांच्या दुकानांवर आणि बिऱ्हाडांवर वर्तमानपत्रांनी आधीपासूनच रोष धरला होता. साथीने त्या रोषाला कारण पुरविले.

या खंडांतील एका छायाचित्रापाशी जैन घरातील वाचक क्षणभर थबकेल. उंदीर पकडणाऱ्यांची एक टोळी आपल्या कुत्र्यांसह उभी आहे आणि पुढ्यात मेलेल्या उंदरांचा ढीग आहे. सरकारने प्रत्येक उंदरामागे आधी २ पेन्स आणि पुढे ६ पेन्स इनाम लावले होते. सफाईच्या काळात ४४,००० हून अधिक उंदीर मारले गेले. हे चित्र पाहणे सोपे नाही. मुंबईतही जीवदयेचा संस्कार असलेल्या पेठांतून अशा मोहिमा अवघड ठरल्या होत्या. त्याच वेळी हेही नजरेआड करता येत नाही की त्या साथीत सिडनीत ३०३ माणसे आजारी पडली आणि १०३ दगावली. मुंबईच्या मानाने हा आकडा लहान, परंतु त्या गल्ल्यांतून प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखत होता.

या प्रसंगातून निघालेले सर्वांत उपयुक्त ज्ञान मात्र मारण्याचे नव्हते. आरोग्य खात्याचे प्रमुख जॉन अ‍ॅशबर्टन थॉम्पसन यांनी प्रत्येक रुग्णाची आणि प्रत्येक मेलेल्या उंदराची जागा नोंदवून, रोग माणसाकडून माणसाकडे न जाता उंदरावरील पिसवेमार्फत येतो, या मताला बळकट आधार मिळवून दिला. कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये तेच सुचविले होते, आणि त्याची हेटाळणी झाली होती. पुढे मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन यांच्या कामाने त्यावर शिक्कामोर्तब झाले. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईतच तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःस टोचून घेतलेली लस सिडनीतही पोहोचली आणि ती घेण्यासाठी माणसांची झुंबड उडाली. पुढील वर्षांत नव्या बंदर मंडळाने धक्क्यांची जी पुनर्बांधणी केली, तिच्यात उंदरांना वाटच मिळू नये अशी समुद्राकाठची भिंत बांधली. वखार चालविणाऱ्या कोणालाही यातील शहाणपण पटावे. जीव मारीत बसण्यापेक्षा त्याची वाट बंद करणे अधिक स्वस्तही पडते.

आता पुन्हा त्या उंबरठ्याकडे वळावे. डेगोटार्डीची छायाचित्रे ज्या हेतूने घेतली गेली, त्या हेतूने पाहिली तर ती घाणीची चित्रे आहेत. घरे पाडण्यापूर्वी त्यांची अवस्था कशी होती याची नोंद सरकारला हवी होती, म्हणजे पुढे वाद उपस्थित झाला तर दाखविता येईल. परंतु थोडा वेळ थांबून पाहिले की नजर भिंतीवरून घसरते आणि दुसरेच काही दिसू लागते. परसात दोरीवर कपडे वाळत आहेत. म्हणजे कोणीतरी सकाळी पाणी तापविले, कपडे घासले, पिळले. चौकटीला फटी आहेत, परंतु खिडकीला पडदा आहे. पाण्याचा नळ अनेक घरांत मिळून एक, पण पायरी धुतलेली. ज्यांना अस्वच्छ म्हणून बाहेर काढावयाचे होते, त्यांच्या स्वच्छतेची धडपडही त्याच चित्रांत नोंदली गेली आहे. ओल भाडेकरूंनी आणली नव्हती. ही घरे बहुधा दुसरीकडे राहणाऱ्या मालकांची होती. भाडे आठवड्याला नियमाने वसूल होई, डागडुजी मात्र होत नसे. छायाचित्रात भाडेकरू दिसतो, मालक कोठेच दिसत नाही. बदनामी वाट्याला आली ती जो चित्रात होता त्याच्या.

आपल्याकडील जुन्या पेढ्यांतील छायाचित्रे आठवून पाहावीत. गादीवर तक्क्याला टेकलेले शेठ, डोक्यावर पगडी, बाजूला मुनीम, कधी चोपड्यांची चळत. ही छायाचित्रे मोलाची आहेत. परंतु ती ठरवून, पोशाख करून, पैसे देऊन काढविलेली आहेत. दुकानासमोर पोते उतरवून घाम पुसणारा हमाल, उधारीवर गूळ मागणारे गिऱ्हाईक, माजघरातून जेवणाचे बोलावणे घेऊन आलेली मुलगी, हे त्यांत क्वचितच सापडते. एका परक्या शहरातील गरीब गल्लीचे दैनंदिन जीवन केवळ सरकारी संशयामुळे चित्रांत टिकून राहिले, आणि सुस्थितीतील घराण्यांचे दैनंदिन जीवन मात्र पुष्कळसे आठवणीबरोबर गेले, हा विचित्र योग म्हणावा लागेल.

साथ ओसरली, पण घरे परत मिळाली नाहीत. सरकारने १९०० मध्ये रॉक्स आणि मिलर्स पॉइंटमधील शेकडो मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि १९०१ पासून धक्के व त्यांमागची घरे सिडनी हार्बर ट्रस्ट या मंडळाकडे आली. मुंबईत प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन होऊन दाट वस्त्यांतून नवे रस्ते काढले गेले, त्याची येथे आठवण होते. घरमालकांना भरपाई मिळाली. भाडेकरूंच्या दृष्टीने पाहता मालक तेवढा बदलला, आणि ज्यांचे घर पाडण्याच्या यादीत होते त्यांचा पत्ताही बदलला. गल्ल्यांच्या गल्ल्या नाहीशा झाल्या. त्यांच्या जागी हिक्सन रोड हा रुंद मालवाहू रस्ता आणि नव्या गोद्या आल्या; गोदी कामगारांसाठी मंडळाने काही नव्या चाळवजा इमारतीही बांधल्या.

या पाडापाडीच्या काळातच, १९०४ मध्ये, हॅरल्ड कॅझ्नो नावाचा तरुण सिडनीत एका छायाचित्र-शाळेत नोकरीस आला. कामावर जातायेता तो याच गल्ल्यांतून कॅमेरा घेऊन फिरे. त्याने काढलेल्या चित्रांत तीच घरे आहेत, तीच पोरे आहेत. परंतु सकाळचे धूसर ऊन आहे, गटारात कागदी होड्या सोडाव्यात अशी निवांत वेळ आहे. डेगोटार्डीने दोष शोधला आणि कॅझ्नोने सौंदर्य शोधले. दोघांपैकी कोणाचे खरे, हा प्रश्न विचारण्याचे कारण नाही. तरी रहिवाशांच्या कामी आले ते पहिल्याचे रुक्ष चित्रच, कारण त्यात घराचा क्रमांक होता.

मंडळाच्या भाडेकरूंनी पुढील तीन पिढ्यांत या उपनगराला गावपण आणले. बाप गोदीत, मुलगा गोदीत, आणि घराचे भाडेपत्र आईकडून मुलीकडे, असा क्रम चाले. १९३० च्या मंदीत काम मागत एका धक्क्यावरून दुसऱ्या धक्क्यावर हिंडणाऱ्या माणसांनी हिक्सन रोडला ‘भुकेचा मैल’ असे नाव दिले. त्या दिवसांत कोपऱ्यावरच्या दुकानदाराने उधारी लिहून घेतली नसती तर कित्येक चुली पेटल्या नसत्या. जगातील कोणत्याही गोदीच्या वस्तीत हे असेच असते. याच सुमारास हार्बर ब्रिजच्या वाटेत आलेला प्रिन्सेस स्ट्रीट हा रॉक्सचा मोठा रस्ता घरांसकट पुसला गेला. मार्च १९३२ मध्ये पूल खुला झाला.

१९७० मध्ये सरकारने रॉक्स पुन्हा पाडून तेथे उंच इमारती उभारण्यासाठी एक नवे प्राधिकरण नेमले. या वेळी रहिवासी नुसते दारात उभे राहिले नाहीत. १९७१ मध्ये नीता मॅक्रे यांच्या पुढाकाराने त्यांनी कृती समिती स्थापन केली आणि बांधकाम कामगारांच्या संघटनेकडे मदत मागितली. संघटनेचे सचिव जॅक मंडे यांनी पाडकामावर कामगारांचा बहिष्कार जाहीर केला. रोजगार देणारे काम कामगारांनीच नाकारावे, हे अपूर्व होते. ऑक्टोबर १९७३ मध्ये निदर्शकांना अटक झाली. पोलीस मंडे यांना हातापायांना धरून उचलून नेत आहेत, हे त्या दिवसाचे छायाचित्र ऑस्ट्रेलियात घरोघरी परिचित आहे. योजना बदलावी लागली, जुन्या घरांची मोठी संख्या वाचली, आणि विस्थापित भाडेकरूंसाठी १९८० च्या सुमारास सिरियस ही ७९ सदनिकांची इमारत बांधली गेली.

पुराव्याचा उलटा प्रवास त्यानंतर झाला. १९९४ मध्ये कंबरलँड आणि ग्लॉस्टर या रस्त्यांच्या मधोमध उत्खनन करण्यात आले. ३० हून अधिक घरांचे पाये उघडे पडले आणि साडेसात लाखांहून अधिक वस्तू मिळाल्या. जेथे केवळ दैन्य असावे असे शंभर वर्षे सांगितले गेले, तेथे मातीतून चिनी मातीची सुरेख भांडी, मुलांच्या गोट्या आणि बाहुल्यांचे तुकडे, शिवणाच्या टाचण्या, दागिने बाहेर आले. इतिहासकार ग्रेस कार्स्केन्स यांनी या घरांचा वृत्तांत लिहिला, तेव्हा या माणसांना आवडीनिवडी होत्या, पाहुण्यांसाठी राखून ठेवलेले कपबशांचे संच होते, हे स्पष्ट झाले. ते ध्यानात ठेवून पुन्हा डेगोटार्डीचे खंड उघडले की खिडकीतला तो पडदा अधिक ठळक दिसतो. आज त्या पायांवर खांब उभारून त्यांवर प्रवाशांसाठी वसतिगृह बांधलेले आहे. जुन्या गल्लीची फरसबंदी खाली तशीच आहे.

मार्च २०१४ मध्ये राज्य सरकारने मिलर्स पॉइंट आणि परिसरातील सरकारी मालकीची २९३ घरे विकण्याचे जाहीर केले; सिरियसही त्यांत होती. त्यामागचा हिशेब वरवर चोख होता. बंदराकाठच्या एका घराच्या किमतीत दूरच्या उपनगरांत गरजूंसाठी अधिक घरे बांधता येतात, आणि जुन्या घरांच्या दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, असे सरकारचे म्हणणे. व्यापारी मनाला हा हिशेब समजतो, आणि म्हणूनच त्यातील न लिहिलेली बाजूही समजावी. सत्तरीच्या पुढे गेलेल्या बाईच्या औषधाचे दुकान, शेजारीण, चर्च आणि बसण्याचा ओटा हे एका मोठ्या सदनिकेबरोबर दूर उपनगरात पाठविता येत नाही. या गोष्टींना जमाखर्चात खाते नसते. खिडक्यांतून निषेधाचे फलक लागले, सभा झाल्या. पुढे मोजक्या वृद्ध भाडेकरूंसाठी थोडी घरे राखण्यात आली. बाकीची विकली गेली. सिरियसमधील शेवटच्या भाडेकरूने २०१८ मध्ये घर सोडले आणि पुढच्याच वर्षी ती इमारत १५ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना गेली.

डेगोटार्डीच्या कॅमेऱ्यासमोर आलेल्या घरांपैकी काही अजूनही उभी आहेत. दारांना नवा रंग आहे, परसात दोरी नाही. पायऱ्या त्याच आहेत, मधोमध झिजलेल्या. ग्रंथालयातील खंड आता कोणालाही घरबसल्या पाहता येतात. चित्र मोठे करून पाहिले की चौकटीला टेकलेल्या बाईच्या मागे, काळोखात, आणखी एक चेहरा दिसतो. तो बाहेर यायचे की नाही हे अजून ठरवीत आहे.